दुकानदार म्हणतो "फार्मचं आहे": पाळीव कासव मुळात येतं कुठून?

माळरान

पाळीव कासवांवर इथे आधी दोन-तीन धागे निघाले, पण सगळे "काय खायला घालू" आणि "टाकी केवढी घेऊ" यावरच थांबले. त्याआधीचा प्रश्न कुणी विचारत नाही: हे कासव कुठल्या अंड्यातून, कुठल्या मातीतून आलं? तो सुटला की कायदा, आजार, खाणं आणि पुढे त्याचं काय करायचं, याची उत्तरं बरीचशी आपोआप मिळतात.

आपल्याकडे दुकानात किंवा फोनवरच्या ग्रूपमध्ये "कासव" म्हणून मुख्यतः तीन प्रकार मिळतात.

पहिलं, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं हिरवं पिल्लू. रेड इअर्ड स्लायडर. हे मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं.

दुसरं स्टार कासव, काळ्या पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं. हे जमिनीवरचं. गुजरात-राजस्थान आणि त्याला लागून पाकिस्तानचा भाग, दक्षिणेत आंध्र-कर्नाटक-तमिळनाडू, आणि श्रीलंका, एवढाच याचा मुलूख.

तिसरं, पाठीच्या मधोमध टोकदार कणा असलेलं छोटं पाणकासव. व्यापारात याला रूफ्ड टर्टल म्हणतात. गंगा, ब्रह्मपुत्रा आणि सिंधूच्या खोऱ्यातलं.

तिन्हींबद्दल दुकानदाराचं उत्तर एकच: "फार्मचं आहे, काळजी करू नका." त्यातल्या एकाबद्दल ते बहुतेक वेळा खरं असतं, उरलेल्या दोघांबद्दल जवळजवळ कधीच नाही. जाणकारांनी एकेक प्रकार घेऊन लिहावं. माहिती हवी, "आमच्याकडे एक होतं" अशा आठवणी नकोत.

---

डबक्यातला_बेडूक

स्लायडरपासून सुरुवात करतो.

याची शेती आधी अमेरिकेत वाढली, मुख्यतः लुईझियाना राज्यात. मोठाली तळी, तळ्याभोवती कुंपण, आणि कुंपण नि पाणी यांच्यामध्ये मोकळी माती. मादी त्या मातीत खड्डा करून अंडी घालते. हंगामात कामगार रोज तळ्याभोवती फिरून ताजे खड्डे शोधतात आणि अंडी उकरून काढतात. अंडी क्लोरीनच्या पाण्यात धुतात. मग कोमट अंडी थंड, जंतुनाशक घातलेल्या पाण्यात दाबाखाली बुडवतात, म्हणजे औषध कवचातून आत ओढलं जातं. हे औषध म्हणजे जेंटामायसिन. पद्धत लुईझियाना स्टेट युनिव्हर्सिटीत तयार झाली. त्यानंतर अंडी उबवणीच्या खोलीत साधारण दोन महिने.

इथे एक गंमत आहे. स्लायडरचं लिंग अंड्यातल्या तापमानावर ठरतं. २६-२७ अंशांना उबवली तर सगळे नर, ३१ च्या वर सगळ्या माद्या, २९ च्या आसपास मिश्र. उबवणीखोलीचं तापमान बॅचभर एकच असल्यामुळे एका पेटीतली पिल्लं बहुतेकदा एकाच लिंगाची निघतात. "जोडी देतो" म्हणणाऱ्या दुकानदाराला ३ सेंटिमीटरच्या पिल्लात नर-मादी ओळखता येत नाही. ते मोठं झाल्यावरच कळतं: नराची पुढची नखं लांब होतात, शेपूट जाड होते.

आता १९७५. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ४ इंचांपेक्षा (साधारण १० सेंटिमीटर) लहान पाठीची कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी घातली. कारण साल्मोनेला, जुलाब-ताप आणणारा जंतू. त्या दशकाच्या सुरुवातीला कासवांमुळे वर्षाला सुमारे २ लाख ८० हजार अमेरिकनांना लागण होत असावी असा अंदाज होता, आणि त्यात पोरं जास्त. ४ इंचच का? तर त्याहून लहान कासव पोराच्या तोंडात मावतं.

पण बंदी देशातल्या विक्रीवर होती, निर्यातीवर नव्हती. शेततळी तशीच राहिली, माल बाहेर जाऊ लागला. १९८९ ते १९९७ या काळात ५ कोटी २० लाखांहून जास्त स्लायडर अमेरिकेबाहेर गेले. १९९७ मध्ये युरोपीय संघाने आयात थांबवली तेव्हा ओघ आशियाकडे आणखी वाढला. पुढे चीनमध्येच याची प्रचंड शेती सुरू झाली.

म्हणजे आपल्या दुकानातलं स्लायडरचं पिल्लू "फार्मचं" आहे हे खरंच. फार्म कुठला, आणि तिथून इथवर ते कुठल्या वाटेने आलं, हे मात्र दुकानदार सांगत नाही.

---

जलपर्णी

वरच्या शेवटच्या ओळीला धरून. ती वाट चेन्नई आणि तिरुचिरापल्लीच्या विमानतळांवरून जाते. क्वालालंपूर-बँकॉककडून आलेल्या बॅगांत खोक्यांत, मोज्यांत भरलेली स्लायडरची पिल्लं तिथल्या कस्टम्सला हजारोंच्या संख्येत सापडली आहेत. कायदेशीर आयात करायची तर विदेश व्यापार महासंचालनालयाचा परवाना आणि पशु-विलगीकरण केंद्राची तपासणी लागते. तीनशे रुपयांच्या पिल्लासाठी हे कोण करणार?

आणि त्याच विमानतळांवर, त्याच देशांकडे निघालेल्या बॅगांत स्टार कासवं सापडतात. वाट तीच, दिशा उलटी.

---

कोरडी_विहीर

@डबक्यातला_बेडूक, अंडी जर जेंटामायसिनमध्ये बुडवतात, तर ही कासवं साल्मोनेलामुक्त असायला हवीत ना? मग पोरं असलेल्या घरात ठेवायला काय हरकत?

---

डबक्यातला_बेडूक

नाही, आणि सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतो.

अंडं स्वच्छ केलं म्हणजे कासव कायमचं स्वच्छ झालं असं नाही. पिल्लू दुकानात इतर कासवांच्या पाण्यात पडलं की पुन्हा लागण होते. साल्मोनेला कासवाच्या आतड्यात राहतो, कासव आजारी दिसत नाही आणि जंतू रोज बाहेर टाकत नाही. त्यामुळे एकदा विष्ठेची तपासणी करून "नाही" आलं तरी त्याला अर्थ नाही. वर, वर्षानुवर्षं तेच औषध वापरल्यामुळे जेंटामायसिनला दाद न देणारे साल्मोनेलाचे प्रकारही या कासवांत सापडले.

घरात कासव असेल तर:

टाकीचं पाणी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये ओतायचं नाही. संडासात ओता किंवा कुंडीबाहेरच्या मातीत, खायच्या भाजीच्या वाफ्यात नाही. टाकी, दगड, फिल्टर धुवायला वेगळी बादली, वेगळा ब्रश. कासवाला ओट्यावर मोकळं सोडायचं नाही. हात साबणाने किमान २० सेकंद धुवायचे, सॅनिटायझरवर भागवायचं नाही. ५ वर्षांखालची मुलं, ६५ च्या पुढचे, गरोदर बाई किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेली व्यक्ती घरात असेल तर कासव नकोच. इथे "नीट काळजी घेऊ" चालत नाही. लहान मूल कासवाला नाही, कासवाच्या पाण्याने ओल्या झालेल्या फरशीला हात लावतं आणि तो तोंडात घालतं.

---

माळरान

आता स्टार कासवाकडे येऊ. हिशोब लिहितो, दुकानदाराला तोच विचारा.

स्टार कासवाची मादी एका खेपेला साधारण २ ते १० अंडी घालते, वर्षात एक ते तीन खेपा. अंडी उबायला दीड महिन्यापासून सहा महिन्यांपर्यंत लागू शकतात. जंगलात मादीला वयात यायला आठ-बारा वर्षं लागतात. म्हणजे "फार्म" काढायचा तर आधी दहा वर्षं माद्यांना चारा घालायचा, मग वर्षाला मादीमागे दहा-वीस अंडी मिळणार, त्यातली काही खराब होणार. असं पिल्लू हजार-दोन हजारांत विकून कुणाचं पोट भरेल? ते स्वस्त आहे कारण कुणीतरी पावसाळ्यात ते माळावरून फुकट उचललेलं असतं. पावसाळ्यात ही कासवं हिरव्यावर बाहेर पडतात, तेव्हाच गावातल्या माणसांकडून गोळा करून घेतात. आंध्र-कर्नाटक सीमेवरच्या एकाच गोळा-केंद्राचा अभ्यास झाला होता, त्यात वर्षाला किमान ५५,००० कासवं उचलली जातात असं दिसलं. एका केंद्रातून!

आणि भारतात या कासवाची व्यापारी पैदास कायद्याने करताच येत नाही. त्यामुळे "फार्मचं स्टार कासव" हे वाक्य बोलणारा एकतर खोटं बोलतोय किंवा गुन्हा कबूल करतोय.

---

तलाठी_नसलेला

कायद्याची बाजू सुटी करून मांडतो, कारण यात तारखा फार मिसळतात.

१) वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२. स्टार कासव आधी अनुसूची ४ मध्ये होतं. लोकांना वाटतं अनुसूची ४ म्हणजे सूट. तसं नव्हतं. तेव्हाही पकडणं, विकणं, बाळगणं गुन्हाच होता, फक्त शिक्षा कमी होती.

२) २०२२ ची दुरुस्ती, लागू १ एप्रिल २०२३ पासून. अनुसूच्या नव्याने मांडल्या, स्टार कासव अनुसूची १ मध्ये गेलं. रूफ्ड टर्टल आणि फ्लॅपशेल (मऊ पाठीचं पाणकासव) अनुसूची १ मध्ये आहेतच. अनुसूची १ मधल्या प्राण्याबाबत शिक्षा ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड.

३) आंतरराष्ट्रीय बाजू. सायटीस करारात (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या देशादेशांतल्या व्यापाराचा करार) स्टार कासव २०१९ च्या जिनिव्हा परिषदेत परिशिष्ट १ मध्ये गेलं, म्हणजे जंगलातून पकडलेल्याचा व्यापारी कारणासाठी देशादेशांतला व्यवहार बंद. आपल्या महाराष्ट्राशी जास्त जवळचं म्हणजे लीथचं मऊ पाठीचं कासव, भीमा-कृष्णा-गोदावरीतलं. ते २०२२ च्या पनामा परिषदेत परिशिष्ट १ मध्ये गेलं. ते पाळण्यासाठी कमी आणि खाण्यासाठी जास्त पकडतात, म्हणून या धाग्यात त्याच्यावर थांबत नाही.

४) नोंदणी. २०२० मध्ये केंद्राने परदेशी प्राणी स्वतःहून जाहीर करण्याची सहा महिन्यांची संधी दिली होती. नंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये जिवंत प्राण्यांच्या नोंदणीचे नियम आले, नोंदणी केंद्राच्या परिवेश पोर्टलवर. हे नियम नव्या अनुसूची ४ मधल्या, म्हणजे सायटीसच्या यादीतल्या प्राण्यांसाठी आहेत. स्लायडर सायटीसच्या परिशिष्टांत नाही, म्हणून हा अर्ज त्याला लागत नाही. पण त्याचा अर्थ "स्लायडर पूर्ण मोकळा" असाही नाही. २०२२ च्या दुरुस्तीत कलम ६२अ आलंय. आक्रमक परदेशी प्रजातींची आयात, विक्री, बाळगणं यावर बंधन घालायचा अधिकार त्यातून केंद्राला मिळतो. तस्करीने आलेला माल कस्टम्सच्या कायद्यातही येतोच.

नोंदणीच्या पोर्टलवर भारतीय कासव चढवून ते "कायदेशीर करून देतो" असं सांगणारे एजंट आहेत. परदेशी प्राण्यांसाठीच्या अर्जाने भारतीय स्टार कासव कधीच कायदेशीर होत नाही. पैसे जातात, वर आपणच लेखी कबुली दिलेली असते.

---

कोरडी_विहीर

म्हणजे बिल असलं तरी उपयोग नाही?

---

तलाठी_नसलेला

बिल हा विकणाऱ्याविरुद्धचा पुरावा. तुमच्या बाजूने तो नाही. फाडू नका मात्र, वनखात्याला माल कुठून आला हे शोधायला तोच कागद लागतो.

---

खवलेमोजणी

ओळखीवर लिहितो, कारण सगळ्यात मोठा सापळा स्लायडर आणि रूफ्ड टर्टल यांच्यात आहे. "लाल कान दिसला म्हणजे स्लायडर" असं धरून चालतात. रूफ्ड टर्टलच्याही डोळ्यामागे नारिंगी-लालसर कोर असते! म्हणून कानावर जाऊ नका, पाठ बघा.

कासव बाजूने, डोळ्याच्या उंचीवर धरा. रूफ्ड टर्टलची पाठ दोन्हीकडे उतरत्या कौलारू छपरासारखी दिसते. मणक्याच्या रांगेतल्या तिसऱ्या खवल्यावर मागे झुकलेला काटा असतो, आणि कण्यावरून नारिंगी-तांबूस रेघ जाते. स्लायडरच्या पिल्लाची पाठ गोलसर, त्यावर हिरव्या-पिवळ्या वळ्या. आता पोट बघा. स्लायडरचं पोट पिवळं, प्रत्येक खवल्यावर डोळ्यासारखा काळा ठिपका, बहुधा जोडीने. रूफ्ड टर्टलच्या पोटावर प्रत्येक खवल्यात दोन-चार सुटे काळे डाग.

पाठीवर तीन उभे कणे आणि रंग गडद तपकिरी-काळा, तर ते आपलं काळं कासव. पाठ खवल्यांशिवाय कातड्याची आणि पोटाकडून मागचे पाय झाकणाऱ्या झडपा, तर फ्लॅपशेल. उत्तरेतल्या फ्लॅपशेलच्या पाठीवर पिवळे ठिपके असतात, दक्षिणेतल्याच्या नसतात. मुंबईतल्या खोक्यात ठिपकेवालं मिळालं तर ते स्थानिक तळ्यातलं नाही, उत्तर प्रदेशाकडून आलंय. तिकडे याची उचल किती होते त्याचा एकच दाखला: जानेवारी २०१७ मध्ये अमेठी जिल्ह्यात एका छाप्यात ६,४०० हून जास्त फ्लॅपशेल सापडली. ती मुख्यतः पूर्वेकडे मांसासाठी चालली होती. दुकानात येतात ती त्याच उपशातली छोटी पिल्लं.

फोटो टाकायचा असेल तर चार हवेत: पाठ वरून, पोट, बाजूने, आणि डोकं जवळून. हातात पकडून काढलेल्या एका तिरप्या फोटोवरून कुणी प्रजात सांगत असेल तर ऐकू नका.

---

शेवाळ_२

प्रजात कळली, पण रानातलं की पिंजऱ्यात वाढलेलं हे कसं ओळखायचं?

---

खवलेमोजणी

एकाच खुणेवर नाही, चार-पाच जुळवून.

रानातून आलेलं: नखं झिजून बोथट, चोच आखूड, कवचाच्या कडांना जुने टवके किंवा कोल्ह्या-कुत्र्याच्या दातांच्या खुणा. जमिनीवरच्या कासवाच्या मानेच्या आणि मागच्या पायांच्या घड्यांत गोचिड्या. पाणकासवाला जळवा, फ्लॅपशेलच्या तोंडात किंवा घशात गळाची जखम. विष्ठेत जंतांची अंडी. खोक्यात ४ सेंटिमीटरपासून १५ पर्यंत सगळ्या मापांची कासवं एकत्र असतील, तर तो नक्की उपसा आहे.

पिंजऱ्यात वाढलेलं: नखं लांब वळलेली, कारण फरशीवर झिजत नाहीत. चोच वाढलेली. कवच दाबलं तर लवचिक, म्हणजे कॅल्शियम आणि ऊन दोन्ही कमी.

दोन फसव्या खुणा. खवल्यांवरची वर्तुळं मोजून वय काढतात, ते चुकीचं आहे. खाणं भरपूर मिळालं तर एका वर्षात अनेक वर्तुळं पडतात. आणि स्टार कासवाच्या पाठीवरचे उंचवटे. इतर जमिनीवरच्या कासवांत असे पिरॅमिड दिसले की बंदिवासातलं, कोरड्या हवेतलं असं म्हणता येतं, पण स्टार कासवात रानातही खवले थोडे उंच असतात. फार तीव्र, एकमेकांपासून तुटलेले सुळके असतील तरच ती खूण धरा.

कोर्टात मात्र या खुणा पुऱ्या पडत नाहीत. तिथे जनुकीय चाचणी लागते. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत जप्त केलेल्या स्टार कासवांवर असं काम झालंय.

---

जलपर्णी

परदेशातल्या कागदांवर "बंदिवासात जन्मलेलं" लिहितात, त्याबद्दलही लिहा कुणीतरी.

---

तलाठी_नसलेला

सायटीसच्या परवान्यावर उगमाचं एक अक्षर असतं. 'डब्ल्यू' म्हणजे रानातून. 'आर' म्हणजे रानातली अंडी किंवा पिल्लं आणून वाढवलेलं. 'एफ' म्हणजे बंदिवासात जन्मलं, पण पालकांची अट पूर्ण नाही. 'सी' म्हणजे बंदिवासातल्या पालकांपासून, आणि तो कळप दुसऱ्या पिढीपर्यंत पैदास करू शकतो हे सिद्ध झालेलं. 'आय' म्हणजे जप्त केलेलं.

सगळी हातचलाखी 'डब्ल्यू'चं 'सी' करण्यात आहे. ज्या देशात ते कासव मुळात रानात नाहीच तिथे आधी तस्करीने न्यायचं, आणि तिथून 'सी' लिहून कायदेशीर निर्यात करायची. कागद खरा, अक्षर खोटं. म्हणून परदेशातल्या मराठी वाचकांनी (स्टार कासव तिकडे उघड विकलं जातं) फक्त "सायटीस पेपर आहे" एवढ्यावर थांबू नये. अक्षर कोणतं, पैदास करणारा कोण, आईबाप किती वर्षांपासून त्याच्याकडे आहेत, हे विचारा. खरा पैदासकार अंडी घातल्याची तारीखसुद्धा सांगतो.

अमेरिकेत असाल तर ४ इंचांचा नियम अजून लागू आहे. समुद्रकिनाऱ्यावरच्या भेटवस्तूंच्या दुकानात छोट्या डबीत पिल्लू "फुकट", डबीचे पैसे, ही जुनी पळवाट आहे.

---

पाऊसकाडी

वीस नखी कासवाबद्दल कुणीच लिहिलं नाही? आमच्याकडे लाखांत भाव सांगतात.

---

खवलेमोजणी

बरं झालं विचारलंत. हा आपल्याकडचाच खास धंदा आहे: वीस नखांचं कासव असलं की पैशांचा पाऊस पडतो म्हणे.

मोजून बघा. स्टार कासवाला पुढच्या पायांना ५-५ आणि मागच्या ४-४, एकूण १८. स्लायडरला १८. काळ्या कासवाला १८. फ्लॅपशेल आणि सगळ्या मऊ पाठीच्या कासवांना प्रत्येक पायाला ३, एकूण १२. वीस म्हणजे मागच्या पायाला एकेक जास्तीचं नख, ही व्यंगाची गोष्ट, नाहीतर मोजणाऱ्याची. "मिळत नाही" म्हणूनच भाव वाढतो आणि भाव वाढला म्हणून लोक तळी उपसून प्रत्येक कासवाची नखं मोजत बसतात. अठरावालं निघालं की ते परत तळ्यात जात नाही, दुकानात जातं. काही ठिकाणी नखं चिकटवलेलीही निघतात.

यात वन्यजीव कायदा लागतोच, शिवाय पैशांचा पाऊस पाडून देतो म्हणणाऱ्यावर राज्याचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही.

---

माळरान

वास्तूसाठी कासव हवंच असेल तर देवळाच्या सभामंडपात असतं तसं दगडाचं घ्या. तेही नेमकं गाभाऱ्याकडे तोंड करून बसलेलं असतं, खायला मागत नाही.

---

शेवाळ_२

मुख्य शंका. घरात असलेलं स्टार कासव माळावर सोडलं, किंवा स्लायडर तळ्यात, तर ते सुखी होणार नाही का?

---

डबक्यातला_बेडूक

दोन्ही चूक, कारणं वेगळी.

स्लायडर: केरळात त्रिशूरजवळच्या कालव्यात आणि २०२० मध्ये गुवाहाटीच्या दीपोर बील या तलावात ते मोकळे सापडले. जगातल्या १०० सर्वांत वाईट आक्रमक प्रजातींच्या यादीत ते आहे. हे कासव ऊन खायला लाकडावर, खडकावर चढतं आणि लहान स्थानिक कासवांना ढकलून जागा बळकावतं. ऊन मिळालं नाही की त्यांचं पचन मंदावतं, वाढ खुंटते. स्लायडर खातंही सगळं: मासे, बेडकांची पिल्लं, पाणवनस्पती. २० वर्षांहून जास्त जगतं. जपानने १ जून २०२३ पासून त्याची विक्री आणि सोडणं दोन्ही बंद केलं, आधी पाळलेलं घरात ठेवायला मात्र परवानगी ठेवली. हे हुशारीचं आहे. बाळगण्यावरच बंदी घातली असती तर रातोरात सगळी तळ्यात गेली असती.

स्टार कासव: इथे उगम दुहेरी महत्त्वाचा. वायव्येकडचं आणि दक्षिणेकडचं, दोन्ही जनुकीयदृष्ट्या वेगळे गट आहेत. तस्करीच्या पेटीत ती मिसळलेली असतात. दक्षिणेतलं राजस्थानात सोडलं तर लाखो वर्षांची वेगळी वाट पुसली जाते. शिवाय बंदिवासातली कासवं श्वसनाचे आजार घेऊन जातात, नाकातून पाणी, तोंडाने श्वास. असं एक कासव सोडलं तर रानातल्या निरोगी कासवांत तो आजार शिरतो. म्हणूनच बचाव केंद्रात आलेलं कासव आधी काही महिने वेगळं ठेवतात. २०१८ मध्ये सिंगापूरहून ५१ स्टार कासवं कर्नाटकात परत आणली होती, त्यांनाही थेट माळावर सोडलं नव्हतं.

---

तलाठी_नसलेला

भारतीय कासव घरात असेल तर करायचं एवढंच. वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा किंवा जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात कळवा. कासव स्वतः गाडीत घालून दुसऱ्या जिल्ह्यात नेऊ नका, ती विनापरवाना वाहतूक ठरते. ताब्यात दिल्यावर लेखी पोच घ्या: प्रजात, संख्या, तारीख, अधिकाऱ्याचं पद. ज्यांच्याकडे मालकीचं अधिकृत प्रमाणपत्र आहे त्यांना कलम ४२अ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांकडे सुपूर्द करता येतं, मोबदला मिळत नाही.

---

कोरडी_विहीर

आणि वनखात्याची माणसं येईपर्यंत एक-दोन दिवस?

---

खवलेमोजणी

स्टार कासव: भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं, खाली वर्तमानपत्र, सावलीत. पाण्याच्या टाकीत मुळीच नाही, ते पोहत नाही, बुडतं. सकाळी उथळ ताटलीत हनुवटीखाली येईल एवढं कोमट पाणी, १५ मिनिटं. खायला गवत, जास्वंदीची पानं-फुलं. भाकरी-भात, दूध, कुत्र्याचं खाणं नाही.

पाणकासव: दोन दिवस ओल्या टॉवेलवर झाकणाच्या, हवा जाणाऱ्या टबात चालतं. टबात खोल पाणी भरून ठेवू नका, हिंदकळलं तर अशक्त पिल्लू बुडतं. मऊ पाठीच्या कासवाचा टॉवेल सतत ओला ठेवा, त्याचं कातडं लवकर सुकतं. आणि मान लांब असते त्याची, पाठीच्या मध्यावर धरलं तरी चावतं. मागच्या पायांजवळून, दोन्ही बाजूंनी धरा.

---

शेवाळ_२

आणि स्लायडर परत कुणी घेत नसेल, आपल्यालाच सांभाळायचं असेल तर टाकी?

---

डबक्यातला_बेडूक

पाठीच्या दर अडीच सेंटिमीटरला साधारण ४० लिटर पाणी. मादी २५ सेंटिमीटरपर्यंत जाते, म्हणजे ४०० लिटर. प्लास्टिकच्या नारळाच्या झाडाचा डबा पिल्लाला दोन महिनेही पुरत नाही. पाणी २४ ते २७ अंश, ऊन खायच्या कोरड्या जागी ३२ च्या आसपास. यूव्हीबीचा (अतिनील किरणांचा) दिवा लागतो, कारण खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हात यूव्हीबी उरत नाही. फिल्टर टाकीच्या दुप्पट क्षमतेचा. नुसती वाळलेली कोळंबी घालत राहिलात तर 'अ' जीवनसत्त्व कमी पडून डोळे सुजतात, दुकानातलं बरंचसं आजारपण तेच असतं.

सुजलेल्या डोळ्यांचं पिल्लू "बिचारं" म्हणून विकत घेऊ नका. दुकानदार ती रिकामी जागा पुढच्या खोक्यातून भरतो.